मेहुण्यांचा ऊस माझ्या टाकीत

माझ्या जुन्या स्कूटरला आमच्या कल्याणच्या घरात शेवटचा इशारा मिळाला होता. "पुन्हा एकदा रस्त्यात बंद पडली, तर भंगारवाल्याला बोलावीन," असं बायकोने जाहीर केलं होतं. लग्नाआधी आम्ही दोघं ह्याच स्कूटरवर फिरलो, हा माझा पुरावा तिने हसून फेटाळला.

अशात तिचे थोरले भाऊ गावाहून आले. ते साखर कारखान्याचे सभासद. सवलतीत मिळणारी साखर बहिणीला पिशवी भरून आणायची ही त्यांची रीत, आणि पिशवीसोबत भाषण आणायचं ही सवय. यंदाचा विषय होता इथेनॉल.

"पाव्हणं, आजवर आमचा ऊस तुमच्या चहात होता. आता तुमच्या गाडीच्या पेट्रोलातबी आमीच!"

एवढा मोठा माणूस पाठीमागे बसवून मी उल्हासनगरला कापड घ्यायला निघालो. विठ्ठलवाडी स्टेशनपाशी स्कूटर दोनदा खोकली आणि थांबली. पांढरे शुभ्र कपडे घातलेले मेहुणे मागून ढकलू लागले. मी पुढे हॅण्डल धरून, चेहऱ्यावर सुतक आणून चाललो. आतून मात्र इतका आनंद मला वरातीतसुद्धा झाला नव्हता.

मेकॅनिकने टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. त्यात चक्क दोन थर दिसले.

"झाकणाचं रबर गेलंय, काका. पावसाचं पाणी आत उतरलं. इथेनॉल त्या पाण्याला धरून खाली बसलं, आणि इंजिन तेच ओढतंय."

"म्हणजे खाली बसलाय तो ऊस?" मी अगदी भोळेपणाने विचारलं.

"असंच समजा."

मेहुणे बाह्यांवरचे काळे डाग झटकू लागले. टाकी साफ झाली. रबर दुकानात नव्हतं, म्हणून बाटली तेवढी पुरावा म्हणून घेऊन परतलो.

मेहुण्यांच्या काळ्या झालेल्या बाह्या बघूनच बायकोने ओळखलं. मी साक्षीदाराकडे आशेने पाहिलं. साक्षीदार उलटला!

"गाडी म्हातारी झाली गं. देऊन टाका."

मी बाटली साखरेच्या पिशवीशेजारी ठेवली आणि मेकॅनिकचं म्हणणं सांगितलं. बायकोने बाटली उजेडात धरली.

"दादा, तुझी फटफटी कुठाय रे हल्ली? एरवी तालुक्याच्या स्टँडपर्यंत तिच्यावरच येतोस, यंदा तिथवरही यष्टीने आलास म्हणे."

"ती व्हय... गोठ्यात झाकून ठेवलीया. ह्ये नवीन पेट्रोल तिला मानवंना."

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. बायकोने त्यांच्याच साखरेचा चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"अहो, झाकणाचं रबर उद्या आठवणीने आणा."