कुरळ्या बटांची अट

जळगावात ब्यूटी पार्लरसमोरून जाताना जळक्या केसांचा वास आला आणि पारोळ्याची एक दुपार आठवली. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला येणाऱ्यांनी 'मुलीचे केस कुरळे हवेत' असा निर्लज्ज निरोप धाडला होता. काकूने निखाऱ्यावर तापवलेल्या चिमट्याला तिच्या सरळ बटा गुंडाळल्या. कान भाजला. "हालू नको वं, बठ्ठं बिघडी जाई!" काकू खेकसली.

मुलाच्या मामाच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. त्यानेच विचारले, "कानले काय व्हयनं?"

"तुमना निरोपनी भाजना, मामा," अक्का शांतपणे म्हणाली.

सोयरीक तिथेच मोडली. आज ऊठसूट कार्यालयांना खरमरीत पत्रे धाडणारा मी तेव्हा कायदा शिकत होतो, आणि त्या क्षुद्र माणसांपुढे मुकाट्याने पोह्यांच्या बशा मांडत होतो.