हर्सूलच्या बोर्डावरची मूठ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हसू येणार असेल तर कप आधी खाली ठेवा. माझी पर्मनंट नोकरी एका मेंढ्यापायी गेली.

तेव्हा मी औरंगाबादेत कॉलेजला होतो. नामांतराचे मोर्चे निघत होते, वाळूजकडं नवे कारखाने उभे राहत होते आणि मी बास्केटबॉल खेळत होतो. उंची अशी की दारातून वाकूनच जायचो. आमच्या देवगाव रंगारीत तिचा उपयोग मेंढरांना बाभळीचा पाला पाडण्यापुरता.

एका कारखान्यानं विचारलं, आमच्या संघातून खेळा, नोकरी पक्की. आबा, म्हणजे माझे वडील, खूश झाले.

"घे की लेका. पर्मनंट म्हणत्यात."

"आबा, कालेजात खेळलं का नाव होतं. नाव झालं का जाहिराती मिळत्यात. बूट, घड्याळ, स्कूटर. लई भाव वाढतो."

"नुसतं खेळून?"

"व्हय."

आबांनी वळून मेंढरं मोजायला घेतली.

पुढं विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. पेपरवाला घरी येऊन फोटो काढून गेला. बगलेत बॉल घेऊन मी आणि शेजारी आमचा मेंढा राजा. शेवटच्या पानावर छापूनही आला. आठवड्याभरात पशुखाद्याच्या एका कारखान्याचा माणूस कोर्टावर हजर, हातात तेच कात्रण.

"हा तुमच्याच घरचा फोटो ना? आम्हाला जाहिरातीला पाहिजे. गावातच काढू."

तुमच्या हातात ग्रुप फोटो आला की तुम्ही आधी कुणाला शोधता? मीही तेच केलं. पशुखाद्य तर पशुखाद्य, सुरुवात म्हणून वाईट नाही. स्कूटर पुढं येईलच.

त्याच दुपारी नोकरीवाल्यांना नकार देऊन आलो. साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हणालो, "साहेब, आता आपली लाईन वेगळी आहे."

फोटोच्या दिवशी नवी जर्सी घातली, केसांना तेल लावलं. फोटोग्राफर शहरातला.

"भाई, जरा बाजू हटो."

मी हटलो.

"और थोडा. और थोडा."

मी मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाला टेकलो.

"बस. रस्सी पकडके रखो, हिलने मत देना."

उंचीमुळं मी फोटोत मावत नसेन, असं मला वाटलं. हसत मात्र राहिलो, अगदी शेवटपर्यंत. जाहिरातीचे पैसे त्यांनी आबांच्या हातावर ठेवले. मेंढा आबांचा, म्हणून.

महिन्याभरानं हर्सूलच्या रस्त्यावर बोर्ड लागला. मीच हौसेनं आबांना दाखवायला नेलं. भिंतीएवढा राजा, अंगावर लोकर चमकतेय, नजर लांब कुठंतरी. आणि कडेला दोरी धरलेली एक मूठ.

आबा मान वर करून बराच वेळ बघत होते.

"ती मूठ तुझी व्हय?"

"व्हय."

"बरी आलीय."

मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "राजा कुठल्या कालेजात खेळत हुता रं?"