साडूंची गोल्फगाडी

माझ्या साडूंना जगातली कुठलीही वस्तू मेली आहे हे मान्यच नसतं. साक्षात यम दारात आला तर साडू आधी त्याच्या रेड्याचे खूर तपासतील, वंगण कमी पडलंय म्हणतील आणि 'बसा, दहा मिनिटांत होतंय' असं सांगून त्याला तीन महिने तळघरात अडकवून ठेवतील. इथे जर्मनीत, आमच्या वोल्फ्सबुर्गमध्ये, लोक मोडकं सामान ठरलेल्या दिवशी फुटपाथवर मांडून ठेवतात, त्याला श्पेरम्युल म्हणतात. इतर सभ्य मराठी माणसं त्या दिवशी आपलं सामान बाहेर काढतात, आमचे साडू दुसऱ्यांचं आत आणतात. त्यांच्या तळघरात गवत कापायची तीन यंत्रं आहेत, दंतवैद्याची एक खुर्ची आहे आणि नुसतेच सुस्कारे सोडणारं एक अकॉर्डियन आहे. यातलं काही दुरुस्त झालंय का, असं विचारायची सोय नाही. "आल्झो, काम चालू आहे," असं अर्धं जर्मन उत्तर येतं आणि वर दंतवैद्याच्या खुर्चीत बसून चहा प्यावा लागतो.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात ते अठरा वर्षं इंजिनिअर आहेत. मिरजेच्या नातेवाइकांची समजूत अशी की जावई आख्ख्या मोटारी बनवतात. खरं म्हणजे ते मोटारीच्या दाराभोवतीचं रबर बनवतात. पाणी आत येऊ नये म्हणून असतं ना, तेच काळं रबर. अठरा वर्षांत त्यांनी दाराच्या आत पाऊल टाकलेलं नाही आणि बाहेरही टाकलेलं नाही, मुक्काम बरोबर चौकटीवर. कुणाकडे जेवायला गेले की आधी यजमानाच्या गाडीचं दार चारदा उघडून लावतात आणि डोळे मिटून आवाज ऐकतात. पाऊस आला की लोक घरात पळतात, हे बॅटरी घेऊन बाहेर पळतात, कुणाची गाडी गळतेय बघायला. एकदा आमची गळत होती. त्यानंतर महिनाभर त्यांनी मला ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मला माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई मात्र या जावयावर जीव टाकतात. माझ्यावरही टाकतात, पण मला कॉम्प्युटरशिवाय काही येत नसल्यामुळे त्यात थोडी कीव मिसळलेली असते. सासूबाई आयुष्यभर मिरजेत दुसऱ्या मजल्यावर राहिल्या. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, सगळा संसार तेलाच्या डब्यांत. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की एकतरी झाड जमिनीत लावायचं राहिलं. झालं. साडूंनी गावाबाहेरच्या श्रेबरगार्टनमध्ये नाव नोंदवलं. तिथे एकेका कुटुंबाला कुंपण घातलेला तुकडा मिळतो, त्यात भाजी लावायची, खुर्ची टाकून बसायचं आणि शेजाऱ्याच्या कुंपणाची उंची मोजायची. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी तिथे स्वतःच्या हाताने खड्डा करून चेरीचं रोप लावलं. दर रविवारी मिरजेहून फोन यायचा, आधी झाडाची चौकशी, मग नातीची आणि वेळ उरलाच तर जावयांची.

या वर्षी झाडाला पहिल्यांदा फळ धरलं. आणि या वर्षीच सासूबाईंचे गुडघे संपावर गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगूनच पाठवलं होतं, विमानाचा प्रवास हा शेवटचा, पुढच्या वर्षी नाव काढायचं नाही. फाटकापासून साडूंच्या तुकड्यापर्यंत चांगली अर्धा किलोमीटर खडीची वाट, गाडीला सक्त मनाई. चाकाची खुर्ची भाड्याने आणू म्हटलं तर सासूबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. आपण झाड लावलं आणि आपणच आजाऱ्यासारखं त्याच्यासमोर जायचं, हे त्यांना पटेना. ताई म्हणाल्या, "आई, मी तोडून आणते की." त्यावर सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "तोडलेली काय, बाजारातही मिळते गं." साडू तेव्हा चहा ढवळत होते. पाच मिनिटं ढवळतच राहिले. मग चहा तसाच टाकून बाहेर गेले, आणि मी मनात म्हटलं, आता काहीतरी घरात येणार.

आली ती गोल्फगाडी. गावाबाहेरच्या गोल्फ क्लबमध्ये, शेडच्या मागे, विजेवर चालणारी एक म्हातारी गाडी कित्येक वर्षं रानगवतात रुतून बसली होती. क्लबवाल्यांना ती उचलायला कुणीतरी आलंय याचा इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला कॉफी पाजली. टायर बसलेले, छत फाटलेलं, सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी. दोन माणसं पुढे बसतील आणि दोन त्यांच्याकडे पाठ करून मागे. ती ओढून काढताना माझ्या हातापायांना त्या गवताने अशी आग लावली की मी दोन दिवस दही लावून बसलो होतो. घरी आणल्यावर साडूंची लेक, जिला मराठी सगळं समजतं पण जी बोलते जर्मन, खिडकीतूनच म्हणाली, "पापा, दास इस्ट श्रोट." म्हणजे भंगार. साडू म्हणाले, घाई झालेल्या लोकांनी काढलेला शब्द आहे तो.

पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी टॉर्च धरून उभा. त्यांच्या मते आम्ही आयटीवाले म्हणजे बंद करून परत चालू करणारी जमात, त्यामुळे टॉर्चच्या वरची बढती मला मिळाली नाही. सहा बॅटऱ्यांपैकी चार गेलेल्या, मोटरचे कार्बन झिजलेले, वायरी उंदरांनी सोललेल्या. साडूंनी सगळं उकललं, घासलं, बदललं. पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा ती ब्रेकचा सल्ला न घेता थेट ताईंच्या वाळत घातलेल्या चादरींतून पार गेली आणि साडू चादर पांघरूनच पलीकडे निघाले. इकडे चेरी लाल व्हायला लागल्या होत्या आणि साळुंक्यांसारखे काळे ठिपकेदार पक्षी टोळीने यायला लागले होते. साडू रोज ऑफिसातून आधी झाडाकडे जाऊन यायचे आणि सासूबाईंना खोटंच सांगायचे की भरपूर आहेत. शेवटी राहवलं नाही म्हणून गाडीच्या प्रत्येक फटीला त्यांनी रबर लावलं. जिला दारंच नाहीत तिला दाराचं रबर! वरून ढग कोसळला तरी थेंब आत जाणार नाही, असं ते छातीठोकपणे सांगत होते.

बागेच्या संस्थेचे अध्यक्ष हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. साडूंनी त्यांना चार पानी अर्ज केला. जर्मन माणसाला अर्ज मोठा वाटावा ही काही साधी गोष्ट नव्हे. उत्तर आलं: एक शनिवार, सकाळी दहा ते बारा, चालत्या माणसाच्या वेगाने, खाली सही आणि शिक्का. त्यानंतरच्या मंगळवारी सासूबाईंचं विमान होतं.

शनिवारी गाडी ट्रेलरवरून फाटकाशी उतरवली. सासूबाई मोरपंखी साडी नेसून, पायांत ताईंचे बूट घालून, हातात पूजेचं ताट घेऊन हजर. नव्या वाहनाला नारळ फोडल्याशिवाय त्यात पाय ठेवायचा नाही, ही मिरजेची रीत वोल्फ्सबुर्गातही चुकणार नव्हती. "जावईबापू, इंजिन कुठंय? हळदकुंकू वाहते." इंजिन नव्हतं, म्हणून साडूंनी अभिमानाने सीट वर उचलली आणि सहा बॅटऱ्या दाखवल्या. सासूबाईंनी एकेकीला बोट लावलं. मग नारळ. खडीवर आपटला, तो खडीत रुतला. हिरवळीवर आपटला, तो चेंडूसारखा टप्पा खाऊन परत आला. भरपूर दगड असलेल्या देशात वाढलेल्या माणसाला ही अडचण कधी पडलेलीच नसते. साडूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि समोर जे एकमेव कडक लोखंड दिसलं, ते म्हणजे गाडीचीच चौकट, त्यावर नारळ हाणला. एका घावात दोन शकलं. आणि पाणी सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत, उघड्या सीटखाली.

अठरा वर्षं या माणसाने गाडीत पाणी जाऊ नये म्हणून आयुष्य वेचलं होतं. मी हसू दाबायला तोंड फिरवलं, पण साडूंचा चेहरा पाहून हसू आपोआप गेलं. त्यांनी दांडा पुढे टाकला, पाय दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही. दांडा मागे टाकला, तर टीं टीं टीं असा भोंगा वाजवत गाडी वीतभर मागे सरकली. पुढे जायचा खटका बुडाला होता, मागचा तेवढा तरला होता. सुटा भाग मिळायचा तर सोमवारशिवाय मिळणार नव्हता, आणि अध्यक्षांचा कागद आजचाच होता. साडू सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, "गेली हो." अठरा वर्षांच्या ओळखीत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढची सीट ओली झाली म्हणून त्या ताईंचा हात धरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, आणि योगायोगाने फाटक त्यांच्या समोर होतं. "इथून छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "चला की, थांबलात कशाला?"

आणि आम्ही निघालो. सासूबाई सरळ समोर बघत, साडू मान पिळून मागे बघत, गाडी उलटी, भोंगा अखंड. कुंपणाकुंपणावर माणसं उभी राहिली. सासूबाईंना वाटलं भोंगा त्यांच्या स्वागताचा आहे, त्या दोन्ही बाजूंना नमस्कार करत चालल्या. वाटेत अध्यक्ष आडवे आले. त्यांनी खिशातून कागदाची प्रत काढली, दोनदा वाचली, गाडीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले की यात दिशा लिहिलेली नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर," साडू म्हणाले. मग अध्यक्ष स्वतःच पुढे होऊन वाटेतल्या सायकली बाजूला करू लागले.

झाडावर ओंजळभर चेरी उरल्या होत्या. सासूबाई साडूंच्या खांद्याला धरून उतरल्या, पाच पावलं चालल्या, आणि आधी फळाला नाही, खोडाला हात लावला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. "मोठं झालं हो," म्हणाल्या. मग पहिली चेरी तोडून साडूंच्या हातावर ठेवली. साडूंनी ती बीसकट गिळली, कारण त्यांना त्या वेळी चावता येत नव्हतं.

परत येताना खरी पंचाईत झाली. वाट अरुंद, गाडी वळेना, आणि पुढे तर ती जाणारच नव्हती. म्हणून साडू स्टिअरिंग धरून बसले आणि मी, ताई, अध्यक्ष आणि एक शेजारी अशा चौघांनी छताचे खांब धरून बाजूने ढकलायला सुरुवात केली. सासूबाई त्यांच्या त्याच सीटवर. आता झाड त्यांच्या समोर होतं आणि हळूहळू लांब जात होतं. ताई मान खाली घालून ढकलत होत्या.

"आई काय करतायत?" साडूंनी मागे न बघता मला विचारलं.

"झाड बघतायत," मी म्हटलं.

पुढे गाडी फारच जड लागायला लागली. अध्यक्ष धापा टाकायला लागले, शेजारी म्हणाला की वाटेला चढ असणार. मी पुढच्या खांबाशी होतो, मला साडूंचा पाय दिसत होता. तो ब्रेकवर होता, अगदी हलका दाबलेला. मी दोन्ही हातांनी खांब धरला आणि ढकलत राहिलो.