एक जूनच्या मुली

बालगृहाच्या स्मरणिकेत माझ्यावर अर्धं पान छापून आलं आहे. पुरानंतर संस्थेचं सगळं दप्तर मी एकहाती पुन्हा उभं केलं, असं त्यात म्हटलं आहे. उभं केलं हे खरं. कसं केलं ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दप्तरातल्या नऊ मुलींच्या जन्मतारखा मी माझ्या मनाने लिहिल्या होत्या. एका मुलीच्या बाबतीत तर मला खरं काय ते जवळजवळ माहीत होतं.

कात्रजच्या उतारावर मुलींचं हे बालगृह आहे. मागून ओढा जातो. मी तिथे लेखनिक होतो. आता बारा वर्षं होतील, सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी ओढ्याचं पाणी मागची भिंत पाडून आत आलं. बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या अधीक्षिकांनी, मुलींना जेवणावरून उठवून वर नेलं म्हणून एकीलाही खरचटलं नाही. तळमजला मात्र गेला. स्वयंपाकघर, कोठी आणि माझं कार्यालय, तिन्हीत कमरेइतका गाळ.

पितृपक्ष चालू होता. त्यामुळे जवळचं एक मंगल कार्यालय रिकामं होतं. मालकांनी ते दिवाळीपर्यंत आम्हाला दिलं. दोन खोल्यांवर पाट्या होत्या, एकीवर ‘वधूपक्ष’ आणि दुसरीवर ‘वरपक्ष’. वरपक्षात झोपायला कुणी तयार होईना. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “वरपक्षाला आधी वाढतात, माहीत आहे ना?” मग वधूपक्ष ओस पडला.

सकाळी मोठ्या मुली आणि आम्ही कर्मचारी बालगृहात जाऊन गाळ उपसायचो. गाळ वाळला की दगडासारखा होतो, म्हणून ओला असतानाच फावड्याने काढायचा, मग खराट्याने, मग पाणी मारून फडक्याने. भांडी सात पाण्यांनी धुतली तरी वास जाईना. मावशींनी ती चिंचेने घासली, उन्हात पालथी घातली आणि चार दिवसांनी त्यांत वरणभात शिजवला. पहिला घास घेऊन एक मुलगी म्हणाली, “मावशी, वरणाला अजून ओढा लागतोय.” मावशी म्हणाल्या, “मग मासे शोध त्यात.” पुरानंतर सगळ्या एकदम हसल्या त्या तेव्हा.

माझं काम फायलींचं. प्रत्येक मुलीची एक फाईल असायची आणि त्या सगळ्या खालच्या कप्प्यांत होत्या. मी पानं सुटी करून कपड्यांच्या दोऱ्यांवर चिमटे लावून वाळत घातली. फ्रॉक आणि फायली एकाच दोरीवर. बॉलपेनने लिहिलेलं टिकलं, शाईचं गेलं. नऊ मुलींच्या जन्माचा एकही वाचता येईल असा कागद उरला नाही.

त्यांतली सगळ्यांत लहान साडेपाच वर्षांची होती. चार महिन्यांपूर्वी तिची आई वारली तेव्हा शेजारणीने तिला आणून सोडलं होतं. आईच्या पिशवीत प्रसूतिगृहाची एक चिठ्ठी होती, ती मीच फाईलला लावली होती. आता ती माझ्या हातात होती. शाईचा निळा डाग, आणि खाली महापालिकेच्या प्रसूतिगृहाचा शिक्का. शिक्का वाचता येत होता. मुलगी दोरीखाली येऊन उभी राहिली.

“काका, माझा कागद वाळला?”

“वाळला. पण अक्षरं गेली.”

“माझा वाढदिवस रंगपंचमीला असतो. आई सांगायची, दवाखान्यातल्या नर्सबाईंचे हात लाल होते. आई घाबरलीच, मग त्या म्हणाल्या, अहो, रंग आहे.”

“बरं. पण आता एक जूनला करू. शाळेत सगळ्यांचाच एक जूनला असतो.”

“तुमचा?”

“माझासुद्धा.”

हे खोटं नव्हतं. आमच्या गावी मास्तरांनी सबंध वर्गाला एक जून लावली होती आणि त्या तारखेवर मी नोकरीत लागलो, त्याच तारखेवर निवृत्त झालो. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेची यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. पहिलीला सहा पूर्ण लागत होती म्हणून मी वर्षही एक मागे नेलं. प्रसूतिगृहाला एक पत्र पाठवलं असतं तर काम झालं असतं. ते मी पाठवलं नाही. चिठ्ठी मी रद्दीच्या ढिगात टाकली. तिच्या आईच्या पिशवीतली ती चिठ्ठी होती, हे मला टाकतानाही ठाऊक होतं.

त्या वर्षी तिची शाळा इतकी बुडाली, की पुढच्या जूनमध्ये तिला पुन्हा पहिलीतच बसवावं लागलं. म्हणजे वाढवलेलं वय कशालाच उपयोगी पडलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही परत गेलो. मागची भिंत दगडी बांधली, कार्यालय वरच्या मजल्यावर हलवलं. रंग कोणता हवा हे मुलींनी मत टाकून ठरवलं आणि रंगाऱ्याने तो दिला, पण पोपटी रंग फक्त पोपटालाच शोभतो असं म्हणून. पुढच्या एक जूनला नऊ मुली पाटांवर ओळीने बसल्या. मावशींनी एकाच निरांजनाने सगळ्यांना ओवाळलं, सगळ्यांना शिरा वाढला. धाकटीने, तिला सगळे असंच म्हणायचे, शिरा खाल्ला आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाली, “आज माझा नाही.” दोन-तीन वर्षं ती असं म्हणाली. पुढे म्हणेनाशी झाली. ती विसरली असेल अशी मी समजूत करून घेतली.

निवृत्तीनंतर मी कोथरूडला मुलाकडे राहायला आलो. महिन्यातून एकदा बस बदलून बालगृहात जातो आणि वाचनालयातली फाटलेली पुस्तकं बांधून देतो. या मेमध्ये पुस्तकांना खळ लावत बसलो होतो, तेव्हा हल्लीच्या अधीक्षिका मॅडम म्हणाल्या, “सर, धाकटी जूनमध्ये अठराची होतेय. तिच्यासाठी दुसऱ्या शहरातल्या अनुरक्षण गृहात जागा मिळाली आहे.”

अठरा पूर्ण झाली की मुलीला बालगृह सोडून अशा मोठ्या मुलींच्या अनुरक्षण गृहात जावं लागतं. ती तेव्हा विज्ञान शाखेच्या बारावीत जाणार होती. कॉलेज पुण्यात, प्रयोगवह्या पुण्यात. ऐन वर्षात गाव बदललं तर वर्ष जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

ती दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, “रंगपंचमी धरली असती तर तोवर परीक्षा झाली असती.”

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन जुनी पंचांगं काढली आणि दोन वर्षांतल्या रंगपंचमीच्या तारखा उतरवून घेतल्या. तिथून जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “काय पाहिजे, आजोबा?”

“जन्माची नोंद. आईचं नाव आहे, प्रसूतिगृह माहीत आहे, दिवस बहुतेक माहीत आहे.”

“बहुतेक दिवशी कुणी जन्माला येत नाही.”

पण त्यांनी रजिस्टर काढलं. पहिल्या तारखेला काही नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या रंगपंचमीला, सकाळच्या नोंदींत, तिच्या आईचं नाव होतं. पुढे ‘स्त्री’ एवढंच लिहिलेलं, मुलीचं नाव नाही. त्या तारखेने ती बारावीच्या मार्चअखेर अठराची होत होती. परीक्षा त्याआधी संपते.

मॅडमनी बालकल्याण समितीकडे अर्ज केला. सुनावणीच्या आदल्या दिवशी संस्थेच्या एका विश्वस्तांचा मला फोन आला. “आपण फक्त एवढंच सांगा, की कागद पुरात गेला. ते खरंच आहे. जास्त खोलात गेलात तर बाकीच्या नोंदीही उकरल्या जातील आणि आपलं नाव खराब होईल.” मी बरं म्हणालो. आणि तसंच सांगायचं ठरवूनही गेलो होतो.

समितीच्या अध्यक्षा बाईंनी नोंद वाचली. म्हणाल्या, “हे नाव काही दुर्मीळ नाही. ही मुलगी म्हणजे हीच, कशावरून? उद्या कुणीही सोयीची तारीख शोधून आणेल. रंगपंचमीचं आत्ताच कसं आठवलं?”

मुलीजवळ पुरावा नव्हता. पुरावा माझ्याजवळ होता.

मी उठून सांगितलं, की हे आत्ता आठवलेलं नाही. ती साडेपाच वर्षांची असताना तिने मला रंगपंचमी सांगितली होती, नर्सबाईंच्या लाल हातांसकट. प्रसूतिगृहाचा शिक्का मी वाचला होता. चौकशी केली नाही, वय शाळेसाठी वाढवलं आणि चिठ्ठी मीच टाकली. बाकी आठ मुलींच्या तारखांनाही काही आधार नाही.

“हे लिहून द्याल?” त्यांनी विचारलं.

“देतो.”

“बरंच लिहावं लागेल. मॅडम लिहितील, तुम्ही सही करा.”

“नको. ती नोंद माझ्या अक्षरात आहे,” मी म्हणालो, आणि दोन पानं लिहिली.

आठ दिवसांत आदेश आला. जन्मतारीख दुरुस्त झाली. परीक्षा होईपर्यंत ती बालगृहातच राहणार. मी सांगायला गेलो तेव्हा ती जिन्यात रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली होती. मॅडमनी तिला आधीच सांगितलं होतं.

“काका, मी तेव्हा सांगितलेलं तुमच्या लक्षात होतं?”

“होतं.”

“इतकी वर्षं?”

“हो.”

“मला वाटलं, तुम्ही विसरलात. म्हणून मी सांगायचं सोडलं.”

तिने मला माफ केलं वगैरे म्हटलं नाही. वहीतून एक पान काढून दिलं. बाकी आठ जणींपैकी ज्यांचे फोन लागले त्यांना विचारून तिने लिहून काढलं होतं, कुणाची आई काय सांगायची, कुणाची आजी काय सांगायची. एक पोळ्याच्या आदल्या दिवशीची. एक मुंजाबाच्या जत्रेतली.

त्यांतल्या दोघींच्या नोंदी आतापर्यंत सापडल्या आहेत. एक कोथरूडला दाताच्या दवाखान्यात काम करते. तिला फोन केला तर म्हणाली, “म्हणजे मी दहा महिन्यांनी लहान झाले? नवऱ्याला आजच सांगते.”

पण त्या पानावरच्या एका नावापुढे एवढंच होतं: आई ऊसतोडीला गेली होती तेव्हा. ना गाव, ना वर्ष. मी जिन्यात बसलेल्या धाकटीला ते दाखवलं आणि विचारलं, “याला तारीख कशी लावायची?”

“लावू नका,” ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. “तिने सांगितलंय ते लिहा.”

मॅडमच्या परवानगीने मी त्या मुलीच्या फाईलला एक कागद जोडला आणि त्यावर, या वेळी बॉलपेनने, तेवढंच लिहिलं.