चाळणीखाली गेलेली लाखोरी

"बी देतो, पण त्याला चाळणी लावायची नाही," मी म्हणालो.

शेतकी खात्याचे साहेब हसले. "दलाल, सरकारला अटी घालता?"

"अटी घालणं हाच माझा धंदा आहे, साहेब."

त्यांच्या टेबलावर मी आणलेलं सॅम्पल पसरलं होतं. बारीक, काळपट, ठिपक्यांची लाखोरी. बाजारात असल्या मालाकडे कोणी वळून पाहत नाही. मी तेव्हा गोंदियाच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, दलाली करत होतो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. त्याच गंजात पोती उचलत वर आलो होतो, त्यामुळे दाणा मला कोणी शिकवायची गरज नव्हती. टपोरा दाणा चाळणीवर राहतो, तो बियाण्याला; बारीक खाली पडतो, तो गुरांना. आमच्या धंद्याचा हा पहिला धडा. मी साहेबांना त्याच्या नेमकं उलट सांगत होतो.

बाहेरच्या वाचकांना लाख या कडधान्याविषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे धान कापणीला येतं आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल असते, तेव्हाच उभ्या धानात लाखेचं बी फेकतात. नांगर नको, पाणी नको. धान बुडालं तरी लाख थोडीफार येतेच. म्हणून वाईट साली गरिबाच्या ताटात डाळही लाखेची आणि भाकरही लाखेची. पण महिनोन्महिने तीच पोटात गेली की काहींचे गुडघे आखडतात. टाच जमिनीला टेकत नाही. माणूस काठीला लागतो तो कायमचा. लाखोरी ही तिचीच बारीक दाण्याची जात.

नागरा गावाच्या पलीकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, मी माल घ्यायला जात असे. एका वाईट सालानंतर आजूबाजूच्या गावांत काठ्या वाढल्या. या टोल्यावर एकच माणूस लंगडा दिसला, मी ज्याच्याकडून माल घेई त्या मयारामचा धाकटा भाऊ. तो दुसऱ्या गावी मालगुजाराकडे सालदार होता. तिथं मजुरीत त्याला टपोरी लाख मिळायची. मयाराम घरची लाखोरी खाऊन धडधाकट होता.

"आमची लाखोरी लहान हाय जी," मयाराम म्हणाला, "पन पायावर येत नाई."

त्या दाण्यात काय होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण दोन भावांचे पाय मी पाहिले होते.

मग आम्ही दोघांनी ते काम हाती घेतलं. दर हंगामात मयारामच्या बांधीत टपोऱ्या दाण्याची झाडं उपटून टाकायची. बारीक दाण्याच्या झाडांतही ज्यांच्या शेंगा गच्च भरतात आणि ज्यांची डाळ लवकर शिजते, त्यांचंच बी पुढे ठेवायचं. शेताच्या धुऱ्यावरून लोक ओरडत, "मयाराम, चांगलं उपटून रायला, वाईट ठेवून रायला. शेटले भूत लागलं काय जी?"

काही हंगामांत बी एकसारखं झालं. टोला एवढासा, गावं पुष्कळ. शेतकी खात्याच्या फार्मशिवाय ते वाढणार नव्हतं. म्हणून मी साहेबांकडे गेलो.

साहेबांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, विष लाखेत नाही. लाखेत अकरी नावाचं तण उगवतं, त्याचे बारीक गोल दाणे मिसळतात आणि ते पाय घेतात, असं मोठे जाणकार म्हणतात. मी म्हटलं, असेल. पण हे बी वेगळ्या तुकड्यात पेरा, चाळू नका आणि तेच वाढवून टोल्यावर परत द्या. सकाळपासून घासाघीस केली. दुपारी साहेबांनी तिन्ही गोष्टींचा शब्द दिला. सौद्यात मी कधी हरलो नव्हतो. त्या दिवशीही जिंकलोच असं वाटलं.

मयारामने त्या बियाण्याची एक कोठी घरी ठेवली होती. त्या साली पाऊस फसला. कोठी रिकामी झाली.

"खाल्ली?" मी विचारलं.

"भूक लागली का बी दिसत नाई जी. दानाच दिसते."

आता सगळी भिस्त फार्मवर. हंगाम संपला तसा मी मयारामला बरोबर घेऊन बैलगाडीने गेलो. साहेबांची बदली झाली होती. गोडाऊनच्या दारात मोठी चाळणी टांगलेली होती आणि खाली नवा ओव्हरसियर उभा होता.

"तुमचा माल फार घाण," तो म्हणाला. "जवळजवळ सगळा खाली गेला. केवढी अकरी!"

"ती अकरी नव्हती. तीच लाखोरी होती."

"बारीक ते सगळं काढा, अशी ऑर्डर आहे."

"साहेबांनी मला शब्द दिला होता."

"मग बदलीच्या सामानात बांधून नेला असेल."

मी चाळणीला लाथ मारली. दोन चपराशांनी मला धरून बाहेर काढलं. जाता जाता फार्मचा गोठा पाहिला. गव्हाण चाटून साफ झाली होती. शेणाच्या ढिगाशेजारी थोडा भुसा पडला होता, तो मी हातांनी चाळला. दाणा नव्हता.

ओव्हरसियरने वजनाला वजन म्हणून फार्मची टपोरी लाख दिली. वर म्हणाला, "उलट तुमचा फायदाच झाला." मी ती फेकून द्यायला निघालो होतो. मयारामने पोती गाडीत चढवली.

"नको म्हनून पोट भरते काय? पेरू काय मंग, माती?"

पुढे प्रदर्शनात फार्मच्या त्या टपोऱ्या लाखेला बक्षीस मिळालं. ओव्हरसियरला बढती मिळाली. मयारामला, आणखी दोन वाईट सालांनंतर, काठी मिळाली.

तो अजून बाजाराच्या दिवशी येतो. काठी भिंतीला टेकवून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसतो. एकदा म्हणाला, "शेट, साहेबाकडून सारं घासून घेतलं तुमी. चाळनी तेवढी घ्याची रायली."

धंद्यातल्या माणसाला सांगण्यासारखं मी एवढंच शिकलो. सौदा साहेबाशी करू नये. चाळणी ज्याच्या हातात राहणार त्याच्याशी करावा. दुकानात लाख चाळली जाते तेव्हा खाली पडलेलं मी आजही मुठीत घेऊन पाहतो. अकरी असते, माती असते. ती लाखोरी पुन्हा दिसली नाही.