जहाजावरचं नारिंगी जॅकेट
परवा खराडीच्या ऑफिसात फायर ड्रिलसाठी कोरी नारिंगी जॅकेटं वाटली आणि त्या नव्या प्लॅस्टिकच्या वासानं मी एकदम नऊ वर्षांची झाले. बाबांचं इंग्लंडमधलं काम संपलं होतं आणि पुण्याला परतण्याआधी हौस म्हणून ते आईला आणि मला एका जगप्रसिद्ध जहाजानं साउथॅम्प्टनहून हॅम्बुर्गला घेऊन निघाले होते. जेमतेम दोन दिवसांचा प्रवास. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला शिकवलं. ते मी इतकं मनावर घेतलं की पुन्हा काढेचना. संध्याकाळी मोठमोठ्या झुंबरांखाली, सुटाबुटातल्या साहेबलोकांत, मी जॅकेट घालूनच सूप प्यायला बसले. "छान! आता त्याची शिट्टीही वाजव," बाबा म्हणाले, "म्हणजे ज्यांनी पाहिलं नसेल, तेही पाहतील." मला रडू येत होतं, पण जॅकेटचा पट्टा काही मी सोडला नाही. तेवढ्यात जहाज असं कललं की मिठाची बाटली घसरत थेट आईच्या मांडीत जाऊन पडली. बाबा "आलोच" म्हणून उठले. परतले तेव्हा त्यांच्या कोटाची बटणं लागत नव्हती आणि आतून नारिंगी रंग डोकावत होता. "जरा थंडी आहे," माझी नजर चुकवत ते म्हणाले. मला एकदम धीर आला. आई मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो," ती म्हणाली, "आणि माझं?"