आप्पांच्या हातातला मासा

मंडळी, दुपारच्या फोटोबद्दल खरं सांगतो.

वॉकर घेऊन चालणाऱ्या आमच्या आप्पांना एकदा समुद्रात गळ टाकायचा होता. तुम्हीच सुचवलेल्या, पायऱ्या नसलेल्या धक्क्यावर आज कोल्हापूरहून घेऊन गेलतो. गाडी पार कडेपर्यंत गेली.

आप्पांना खुर्चीत बसवलं आणि तोल जाईल म्हणून गळ मीच धरला. मासा मीच ओढला. मग तो त्यांच्या हातात देऊन फोटो काढला आणि "आप्पांची शिकार!" म्हणून इथं टाकला.

परतताना चहाला थांबलो, तेव्हा तुमच्या कमेंट वाचून दाखवल्या.

आप्पा म्हणाले, "त्यास्नी सांग की, पोरानं गळ हातात दिलाच न्हाय."

फोटो डिलीट केलाय. पण आप्पांना "परत जाऊया" कुठल्या तोंडानं म्हणू?